रागावायचं काम आत्याचं

४ सप्टेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही, सगळे धडधाकट आहेत. आई गेल्यानंतर तुझी दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, हे खरं. त्यावर तू जे बोलशील ते ऐकून घ्यायला मी तयार आहे. खरं तर बोलण्यासाठीच तुला लिहितोय. आधी मला बोलून घे आणि मग माझ्या लेकीला बोल.

झालं असं की भिंगरीने शाळेची घंटा वाजवायचा हातोडा लपवला. तू तिला पाहिलंस तेव्हा ती पाळण्यात होती. आता चौथीत आहे आणि एका जागी ठरत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणतात. शाळेत व्हरांड्यात पितळेची तबकडी टांगलेली आहे, शिपाई तिच्यावर हातोड्याने ठोके देतो. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत हातोडाच गायब. शिपाई शोधत राहिला, घंटा झालीच नाही आणि अख्खी शाळा दुपारभर मैदानात. मास्तरलोकही चहाच्या कपांशी निवांत बसून होते असं शिपाई सांगतो, पण त्यांना कोणी काही विचारलं नाही. शेवटी हातोडा पाण्याच्या पिंपामागे सापडला. कोणी केलं, असं विचारल्यावर भिंगरीने सरळ हात वर केला. का केलं, असं विचारल्यावर मात्र मिठाची गुळणी धरली.

मग मला बोलावणं आलं. मी अजून त्याच लाकडाच्या वखारीत आहे, करवतीच्या पात्यांना धार लावतो. अर्ध्या दिवसाची रजा घेतली, अंगावरचा भुसा झटकला, केस ओले करून भांग पाडला आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. खोली नीटनेटकी आहे. टेबलावर काच आणि काचेखाली आधीच्या वर्गांचे फोटो. भिंगरी कोपऱ्यात उभी. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही वडील आहात ना? मग इथे माझ्यासमोर तिला चांगली समज द्या."

आता तूच सांग, मी काय करायचं होतं? बापाने खाऊ घालायचं, आईने न्हाऊमाखू घालायचं, रागावायचं काम आत्याचं. तू शहरात इतकी वर्षं काढलीस, विसरली असशील म्हणून आठवण करून देतोय. थोरली आत्या म्हणायची, ज्याच्या हातचं खायचं त्याचे बोल पोराच्या घशात अडकतात. आणि तेही परक्या माणसासमोर? मी मान खाली घालून काचेखालचे फोटो बघत बसलो. मोठ्या बाईंनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "तुमच्या वस्तीतले सगळे पालक असेच. मुलांचं काही वाटतच नाही तुम्हाला." मला वाटत नाही म्हणे. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही, ताई.

आणि आता मुद्द्याचं. सहामाहीपर्यंत घरून काही शिस्त लागलेली दिसली नाही, तर भिंगरीला शिस्तीच्या शाळेत पाठवायचं असं त्यांनी ठरवलंय. वसतिगृहाची, धरणापलीकडची. तुला पाठवलं होतं तीच. आता तिला नवा रंग दिलाय म्हणाल्या.

तू ये. यायला जमत नसेल तर पत्रातून रागाव, मी वाचून दाखवतो. आमच्या घरात तू नसूनही खूप आहेस. भिंगरीने काही सांडलं-मोडलं की तिची आई म्हणते, थांब, आत्याला कळवते. पोरीची समजूत आहे की तू दाराएवढी उंच आहेस.

तुझा
ठोंब्या


१९ सप्टेंबर

ठोंब्या,

तुझं नाव ठेवताना घरच्यांनी अगदी विचार करून ठेवलं होतं, हे पत्र वाचून पुन्हा पटलं. हातोड्याचं वाचताना मला इतकं हसू आलं की इस्त्री तशीच राहिली आणि एक उशीचा अभ्रा जळला. मी पण अजून तिथेच आहे, दवाखान्याच्या धुलाईखान्यात. वाफ, साबण, चादरी. सकाळी मळक्या येतात, संध्याकाळी घड्या होऊन जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पुन्हा दारात.

आता नीट ऐक. त्या बाईंना हवंय काय? दोन वाक्यं. ती म्हणून टाक ना. "पुन्हा असं केलंस तर याद राख." झालं. त्यांचंही समाधान, तुझीही सुटका. तू त्यांच्या खुर्चीला घाबरलास, दुसरं काही नाही. लहानपणी तू आडाच्या काठालाही घाबरायचास. जग बदललं, बाप लोक आता सगळीकडे रागावतात. माझ्या शेजारच्या खोलीतला तर रोज सकाळी ओरडतो, आणि त्याची मुलं छान जेवतात.

मला रागावता येत नाही. कधी कुणाला रागावलेच नाही. इथे नव्या पोरी कामाला येतात, पांढऱ्यात रंगीत घालून सगळी भट्टी गुलाबी करतात, तेव्हाही मी गप्प बसून पुन्हा धुते. आत्या नावाची असून भागत नाही, तोंडाचीही लागते. ते तोंड थोरल्या आत्याचं होतं.

काय बाई होती. रागावायचं असलं की ती कधी हाक मारून समोर उभं करायची नाही. दोर वळायला बसायची आणि म्हणायची, "ये, जरा टोक धर." टोक धरलं की संपलं. सोडलं तर पीळ सुटतो, म्हणून पळता येत नाही, आणि नजर दोराकडे, म्हणून तोंड लपवावं लागत नाही. सुरुवात नेहमी एकच, "तुझा बाप असाच होता." तू सगळ्या वस्तीच्या शेळ्या सोडल्या होत्यास ते आठवतं? त्यांना कंटाळा आला होता म्हणून. तेव्हा तिने तुला बाबांनी कोंबड्यांना पोहायला शिकवल्याची गोष्ट सांगितली, आणि बाबा घरामागे जाऊन तोंडात पंचा कोंबून हसत होते. शेवटी तुझे डोळे भरले, दोर पुरा झाला, आणि तोच दोर घेऊन तुम्ही दोघं शेळ्या बांधायला गेलात. त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही. झालं ते पाण्यात गेलं, असं ती म्हणायची. मला अजून त्या ओल्या तंतूंचा वास येतो, मधेच, वाफेत उभी असताना.

ते दिवस ती घेऊन गेली. वरची वस्ती उठली, खाली पत्र्याची घरं आली, दोर आता दुकानात मिळतो. तू आपला दोन वाक्यं बोल आणि मोकळा हो. फक्त एक. धरणापलीकडे तिला जाऊ देऊ नकोस. बाकी काहीही कर, नाटक कर, खोटं बोल, पण तिथे नाही.

ताई


५ ऑक्टोबर

ताई,

तू जिवंत आहेस ना? हे मी थट्टेने विचारत नाही. वस्तीतल्या अर्ध्या लोकांचा अजून विश्वास बसलेला नाही.

तुझा सल्ला ऐकला. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा रात्रंदिवस पाठ केलेली तुझी ती दोन वाक्यं मोठ्या बाईंसमोर म्हटली. "पुन्हा असं केलंस तर याद राख." आवाजही जरा चढवला. भिंगरीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जन्मात विसरणार नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिने हंबरडा फोडला, "आत्या गेली? बाबा, आत्या कधी गेली?"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. बाप कधी रागावतो? आत्या उरली नसेल तेव्हा. तू मेलीस असं मी माझ्या तोंडाने जाहीर केलं होतं. मोठ्या बाईंना यातलं काहीच कळलं नाही. पोर रडताना पाहून त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, "बघा, बोललं की परिणाम होतो."

मी तिला समजावत होतो, पण ती हात सोडवून पळाली. मी घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे गेली होती. दारात चपलांचा ढीग. वखारीतले सगळे आलेले, त्यांच्या बायका आलेल्या, कोणी भाकरी आणल्या, कोणी कालवण. वस्तीतली सगळ्यात म्हातारी दाई, जिच्या हातांवर तू जन्मलीस, ती भिंतीशी बसून तुझे गुण सांगत होती. खूप गुण होते तुझे. मला काही माहीतच नव्हते. मी ओरडून सांगितलं, "ताई ठणठणीत आहे," तर दाईने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "असंच वाटतं रे पहिले काही दिवस." शेवटी तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा कुठे लोक उठले. कालवण मात्र ठेवून गेले. आम्ही तुझ्या नावाने दोन दिवस जेवलो.

इथपर्यंत हसायचं. पुढे नाही. भिंगरी त्यानंतर आठवडाभर शाळेत गेली नाही. दुखवटा पाळायचा म्हणाली. पत्र खरं आहे हे तिला पटत नाही. मोठ्या बाईंनी त्याचा ठपका आता माझ्यावरच ठेवलाय. "तुम्ही रागावलात म्हणून मुलगी शाळा चुकवते, नाही रागावलात तर हातोडे लपवते. मग घरी ठेवून उपयोग काय?" नोव्हेंबरच्या मध्याला निकाल करणार. मी त्यांना आत्याचं सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "नियम मुख्य पालकांसाठी असतात, नातेवाइकांसाठी नाहीत." वाईट नाहीत त्या. त्यांनाही घाई असते, वर्ग भरलेले असतात. पण आपलं जे आहे ते त्यांच्या खोलीत ठेवायला जागाच नाही.

मला शाळा नको असं नाही, ताई. भिंगरी वाचते तेव्हा मी हातातली कानस खाली ठेवून ऐकतो. पण वाचायला शिकता शिकता तिने घरचं सगळं पुसून यावं, एवढी किंमत मला द्यायची नाही.

सोबत तिची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. म्हणजे वाचली आहे.

ठोंब्या

आत्या,
तू जिवंत आहेस असं बाबा म्हणतो. पण बाबाला कोणीही फसवतं. म्हणून तू स्वतः लिही. खरी असशील तर बाबा लहानपणी काय करायचा ते लिही, जे बाबाला आवडणार नाही असं.
भिंगरी


१६ ऑक्टोबर

भिंगरी,

मी जिवंत आहे. तुझा बाप पाच वर्षांचा होईपर्यंत झोपेत चालायचा आणि एकदा शेजारच्यांच्या चुलीशी जाऊन झोपला. सकाळी त्यांनी त्याला आपलाच समजून अंघोळ घातली. हे त्याला विचार. त्याचे कान लाल झाले तर पत्र खरं. उद्यापासून शाळेत जा.

आत्या

ठोंब्या,

वरची चिठ्ठी तिला दे. खालचं तुझ्यासाठी.

मला मेलेली समजून जेवलात, ठीक आहे. मी मात्र तुझं पत्र वाचून धुलाईखान्याच्या मागच्या पायरीवर बसले आणि हसता हसता रडले. सोबतच्या बायकांनी विचारलं, घरी काही झालं का. मी म्हटलं, मी वारले. तर त्या पण हसल्या.

तुला वाटतं मी टाळते. टाळतेच. का ते कधी सांगितलं नाही, आता सांगते.

त्या शाळेत मला सगळे रागावायचे. केस मोकळे सोडले म्हणून, आपल्या बोलीत पाणी मागितलं म्हणून, जेवताना शेजारच्या मुलीला अर्धं दिलं म्हणून. नाव घेऊन नाही, खाटेच्या नंबराने. कोणाचाच राग माझ्यासाठी नव्हता, तो त्या नंबरासाठी होता. मी काय करायचे माहीत आहे? रात्री पांघरुणात स्वतःलाच थोरल्या आत्यासारखं रागावायचे. "तुझा बाप असाच होता." ते ऐकलं की झोप लागायची.

मग पहिली सुट्टी मिळाली. मी घरी आले तेव्हा थोरली आत्या गेलेली. तू जेमतेम माझ्या खांद्याला लागायचास. मी वाट पाहत होते, कोणीतरी काहीतरी बोलेल. उशिरा उठले, कोणी बोललं नाही. जेवण टाकून उठले, कोणी बोललं नाही. शेवटी मी मुद्दाम पाण्याचा मोठा माठ फोडला, आईच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या कुठल्या पोराने फोडला असता तर थोरल्या आत्याच्या जागी बाबाच बोलले असते, नाहीतर शेजारची कोणी आत्या बोलावली असती. आईने गुपचूप खापऱ्या गोळा केल्या आणि मला सुकी चटई दिली. बाबा म्हणाले, "बस, पाय ओले झाले असतील."

तेव्हा मला कळलं. पाहुणीला कोणी रागावत नाही. मी तुमची राहिले नव्हते. सुट्टी संपल्यावर मी वळून पाहिलं नाही, आणि पुढे शहरातच कामाला लागले. आई गेली तेव्हाही दोन दिवसांत परतले, ते त्याच कारणाने. सगळे माझ्याशी इतकं गोड बोलत होते.

आता सांग, जिला घरचे कधी आपली समजून बोलले नाहीत, तिने येऊन तुझ्या लेकीला कुठल्या तोंडाने बोलायचं?

ताई


२५ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र वखारीत आलं. मशीन चालू होतं, मी बंद केलं आणि बाहेर ओंडक्यांवर जाऊन बसलो. मुकादम काहीतरी म्हणाला, पण माझ्याकडे पाहून परत गेला.

तुला कोणीच सांगितलं नाही? मला वाटायचं तुला माहीत आहे. आम्हा सगळ्यांना वाटायचं.

थोरली आत्या आजारी होती तेव्हा मी लहान होतो, पण हे मला डोळ्यांसमोर दिसतं. तिची खाट दाराशी ओढून ठेवली होती, तिला वाट दिसायला हवी होती. तिने घरातल्या सगळ्यांना बोलावलं. शेजारच्या आत्यांनाही. आणि म्हणाली, "ती पोर सुट्टीत येईल. तिला कोणी एक शब्द बोलायचा नाही. तिथे तिने जन्माचं ऐकून घेतलंय. माझा रागावायचा वाटा मी सोडते, तुम्हीही सोडा. तिला नुसतं बसू द्या." मग माझा कान धरून म्हणाली, "तू पण."

माठ फुटला त्या दिवशी आई खापऱ्या घेऊन घरामागे गेली आणि तिथे रडली. मी मागे गेलो होतो. बाबा आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "काही बोललीस का तिला?" आई म्हणाली, "नाही. तोंडाशी आलं होतं, गिळलं." बाबा म्हणाले, "बरं केलंस." ते बरं केलं की वाईट, आता कोणाला विचारणार?

तू पाहुणी नव्हतीस, ताई. तुझ्याएवढं जपून या घराने कोणालाच वागवलं नाही. चूक एवढीच झाली की बंदी घालणारी गेली, आणि ती उठवायची कोणी हे ती सांगून गेली नाही. आमच्यात दुसऱ्याच्या शब्दावर शब्द टाकायची रीत नाही, म्हणून तशीच राहिली. इतकी वर्षं आम्ही तुझ्याशी गोड बोलत राहिलो आणि तू लांब लांब जात राहिलीस. आईने शेवटच्या दिवसांत विचारलं होतं, "पोरीला आपला राग आलाय का रे?" मी म्हटलं होतं, शहरात काम फार असतं.

निकाल नोव्हेंबरच्या मध्यालाच आहे. मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा भिंगरीनेच त्यांना सांगितलं, "माझी आत्या येणार आहे, तिला विचारा." मी तिला असं काही सांगितलेलं नव्हतं. कान लाल झाले होते म्हणून तिचा तुझ्यावर फार विश्वास बसलाय.

ठोंब्या


१ नोव्हेंबर

ठोंब्या,

रजा मिळाली. शनिवारी सकाळच्या बसने पोचते. घ्यायला ये, मला खालच्या वस्तीचा रस्ता माहीत नाही. मोठ्या बाईंना सांग, मुख्य नातेवाईक येते आहे. दाईला आधी सांगून ठेव, नाहीतर मला पाहून ती खरोखरच जायची.

ताई


२२ नोव्हेंबर

ठोंब्या,

नीट पोचले. तुझ्या बायकोने बांधून दिलेलं धुलाईखान्यात सगळ्यांनी खाल्लं, तुम्ही माझ्या दुखवट्याला जेवलात त्याची फेड झाली. इथे माझ्या गैरहजेरीत पुन्हा एक भट्टी गुलाबी झाली आहे. या वेळी मी त्या पोरीला बोलले. तिला फार वाईट वाटलं नाही. संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसली.

तुम्ही नवराबायको त्या दिवशी फाटकाबाहेर उभे होतात, आणि तसंच हवं होतं. भिंगरीला मी काय बोलले ते तुला सांगणार नाही, ते पाण्यात गेलं. पण मोठ्या बाईंचं सांगायला हरकत नाही.

मी दाराशी चपला काढून खोलीत गेले. तू लिहिलीस तीच काच, तोच कोपरा, पोर कोपऱ्यात. खोलीचा वासही धरणापलीकडच्या शाळेसारखाच, खडू आणि फिनेल. वाटलं, आता माझा नंबर पुकारतील. बाई म्हणाल्या, "बोला." मी म्हटलं, "बाई, अशी समोरासमोर मला बोलता येत नाही. हाताला काही काम आहे का?" त्यांना वाटलं मी नोकरी मागतेय. तेवढ्यात मला व्हरांड्यात शिपाई दिसला. धुतलेले खिडक्यांचे पडदे तारेवरून काढून गोळा करत होता, असा बोळा की मला बघवेना. मी त्याच्या हातातून ते घेतले आणि भिंगरीला म्हटलं, "ये, जरा टोक धर."

पडदा लांब होता, मधे पोट पडून जमिनीला लागत होतं. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. परक्या माणसासमोर बोलायचं नाही हे खरं. म्हणून मी म्हटलं, "बाई, तुम्ही मधे धरा." बांगड्या मागे सारून त्यांनी खरंच धरलं. आता परकं कोणी उरलं नाही. मी आपल्या बोलीत सुरुवात केली. शब्द आठवतील की नाही याची धास्ती होती, पण ते कुठे गेलेच नव्हते.

दुसऱ्या पडद्याला भिंगरीने आपणहून सांगितलं. तिच्या वर्गात एक बोबडी आहे, पुढचे दात पडलेले, हळूहळू जेवते. घंटा होईपर्यंत डबा संपला नाही तर डबा हातात घेऊन उभं राहावं लागतं. बोबडी रोज उभी राहायची. म्हणून त्या दिवशी घंटाच होऊ द्यायची नाही असं हिने ठरवलं. हे तिने आपल्या बोलीत सांगितलं आणि मी बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईंच्या हातातला पडदा खाली आला. म्हणाल्या, "मी हिला इतकं विचारलं. एकदा जरी सांगितलं असतं." मी म्हटलं, "उभं करून विचारलंत ना, बाई. उभ्या माणसाला फार काही आठवत नाही." त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांची एक मावशी होती, ती शेंगा सोलताना सगळ्यांची गुपितं काढून घ्यायची. मग आम्ही उरलेल्या पडद्यांच्या घड्या घातल्या. हातोडा लपवला ते चूकच, ते मी भिंगरीला सोडलेलं नाही. दोन आठवडे शिपायाबरोबर ती घंटा देणार आहे, आणि बोबडीचा डबा झाल्याशिवाय द्यायची नाही असं बाईंनी शिपायाला सांगितलं.

धरणापलीकडचा विषय बंद. पण फार हुरळून जाऊ नकोस. बाई म्हणाल्या, या वर्षापुरता बंद, पुढे बघू. आणि वस्तीतल्या बाकी मुलांना आत्या आहेत का असं विचारलं. मी म्हटलं, आहेत, पण त्यांना कोणी बोलावत नाही. तेव्हा त्यांनी शनिवारची सकाळ देते म्हटलं, व्हरांड्यात, ज्यांना यायचं त्यांनी यावं. तू दाईला आणि तुझ्या वखारीतल्या करवतवाल्याच्या बहिणीला सांग. पहिल्या शनिवारी कोणी गेलं नाही तर ती सकाळ पुन्हा मिळणार नाही, एवढं लक्षात ठेव.

आता शेवटचं. बसथांब्यावर तू तिकिटाला गेलास आणि तुझी बायको बाटली भरायला, तेव्हा बाकावर आम्ही दोघीच होतो. भिंगरी म्हणाली, "आत्या, तुझी आत्या मेली ना?"

मी म्हटलं, "फार वर्षं झाली."

"मग तुला कोण रागावतं?"

"कोणी नाही."

भिंगरी म्हणाली, "असं कसं चालेल?" आणि मला रागावली. आत्यासारखी, अगदी पहिल्यापासून. इतकी वर्षं का आले नाही, पत्रं का बंद केली, आजीला कसं वाटलं असेल, सगळं. बाकीचं सांगणार नाही, नियम आहे. मी मान खाली घालून ऐकत होते. तू तिकीट घेऊन आलास आणि विचारलंस, डोळ्यांत काही गेलं का. काही गेलं नव्हतं, ठोंब्या.

बस सुटली तरी माझं रडं थांबेना. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "कोणी काही बोललं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो. घरच्यांनी."

ताई